शेवटचं विरजण

सोलापूरच्या लोकसंपर्क प्रयोगशाळेत भेटायला आलेल्या माणसाला आधी चहा मिळतो आणि मग वाईट बातमी. त्या दिवशी शालनला चहा मिळालाच नाही, तेव्हाच तिने ओळखलं की बातमी फार वाईट आहे.

समोर डॉ. सुधन्वा बसले होते. 'ओसरी' हे समाजजाल त्यांच्या डोक्यातून निघालेलं. शालन प्रयोगशाळेची जालपारखी, म्हणजे नवीन समाजजालं आधी स्वतः वापरून बघायची आणि ती माणसांना मानवतील की नाही ते लिहून द्यायचं, हे तिचं काम. (दोघांचीही आडनावं मला माहीत आहेत, पण या गोष्टीत मी ती सांगणार नाही. का ते पुढे कळेल.)

शालनचं वय एकसष्ट. तीस वर्षांत तिने नऊ समाजजालं वापरून सोडली होती. खरं तर त्यांतल्या चारांनी तिला सोडलं होतं. दर वेळी तोच प्रकार. नवीन जाल निघतं. इथे जाहिराती नाहीत, भांडणं नाहीत, इथे फक्त माणसं, असं सांगतात. आपण हौसेने जातो, नाव नोंदवतो, फोटो लावतो आणि बघतो तर आत चिटपाखरू नाही. चार दिवस एकट्यानेच बडबड करून आपण परत जुन्या ठिकाणी येतो. किंवा मग उलट होतं, एकदम झुंबड उडते आणि सहा महिन्यांत तिथे उभं राहवत नाही.

तिचा स्वतःचा एक गट होता, गोधडीचे टाके गोळा करणाऱ्या बायकांचा. या जालावरून त्या जालावर तिने तो मांजरीने पिल्लं हलवावीत तसा हलवला. दर वेळी थोड्या बायका वाटेत गळाल्या. तरी तिसऱ्या जालावर तीनशे जणी होत्या. एके दिवशी एकीने दुसरीला सहज विचारलं, "कुठल्या तुम्ही? आडनाव काय?" मग "आमच्यात असा टाका घालत नाहीत" असं आलं. मग "तुमच्यात म्हणजे कुणात?" दोन दिवसांत गटाचे पाच तुकडे झाले आणि त्यांतल्या एकाही तुकड्यात कुणी गोधडी शिवली नाही. शालनने तेव्हा कानाला खडा लावला होता. तरीही पुढची सहा जालं तिने वापरलीच. आशा मोठी चिवट असते आणि तिला वयाची लाज नसते.

ओसरीची कल्पना सुधन्वांनी तिला सांगितली त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. ते म्हणाले होते, "शालनताई, नवीन जाल का मरतं? रिकामं असतं म्हणून. रिकामं का असतं? कोणी येत नाही म्हणून. आणि कोणी का येत नाही? कारण ते रिकामं असतं. दूध कितीही चांगलं असलं तरी आपोआप त्याचं दही होत नाही. चमचाभर विरजण लागतं."

विरजण म्हणजे कृत्रिम सोबती. ओसरीवर सुरुवातीला असे नऊशे सोबती बसवले होते. ते बोलत, ऐकत, थट्टा करत, आज पोट जरा बिघडलंय अशा बारीकसारीक गोष्टी रचूनही सांगत. एक खरा माणूस आला की त्यांच्यातला कुठलातरी एक, चिठ्ठ्या टाकून नाव निघाल्यासारखा, कमी व्हायचा. "जागा झाली, निघतो," एवढं म्हणायचा आणि परत दिसायचा नाही. नऊशे माणसं आली की विरजण संपलं आणि दही लागलं.

यात फसवणूक नको म्हणून हे सगळं पहिल्याच पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं. आणखी एक अट होती. विरजणाला सरळ विचारलं, "माणूस आहेस का? कुठला? आडनाव काय?" तर त्याने खोटं बोलायचं नाही. "मी विरजण आहे," असं सांगायचं आणि हवं तर पुढे बोलत राहायचं.

सुरुवातीला लोकांनी हौसेने विचारलं. ज्यांना ते उत्तर मिळालं त्यांचे चेहरेच उतरले. काल रात्रीपर्यंत ज्याच्याजवळ मन मोकळं केलं त्याच्याशी मग बोलवेना, आणि बोलणं तोडलं तर स्वतःचीच लाज वाटे. तेव्हा हळूहळू ओसरीवर एक रीत पडली. कुणाला काही विचारायचं नाही. मराठी माणूस दोन मिनिटांच्या ओळखीत गाव विचारतो आणि तिसऱ्या मिनिटाला आडनाव. ओसरीवर मात्र वर्ष वर्ष बोलणारी माणसं एकमेकांचं गाव विचारत नव्हती. गटात कोणी नवीन आला आणि चुकून विचारू लागला तर जुने त्याला बाजूला घेऊन समजवत.

"चौदा महिने झाले," सुधन्वा म्हणाले, "एकही नवीन माणूस आलेला नाही. आहेत ते जात नाहीत, पण कुणाला बोलावतही नाहीत. संस्थेने ठरवलंय, या महिनाअखेर ओसरी बंद. बावीस दिवस राहिलेत. मला फक्त एकच सांगा. लोक निमंत्रणं का देत नाहीत?"

शालनला हे उत्तर तोंडपाठ होतं, कारण ती स्वतः देत नव्हती. तिच्या धाकट्या बहिणीने, सुलूने, तीनदा निमंत्रण मागितलं होतं. तीनदा शालनने, अगं ते बंदच पडणार आहे, असं सांगून टाळलं होतं. सुलू आली तर कुणीतरी एक जाणार. आणि तो एक निवांत असला तर?

निवांत हे त्याचं ओसरीवरचं नाव. शालनचं तिथलं नाव तूर्तास. नऊ जालांनंतर दुसरं काय नाव सुचणार? नवरा गेल्यापासून ती एकटी राहत होती आणि चाळीस वर्षांच्या सवयीने हाताला दोघांचंच माप होतं, त्यामुळे रोज काही ना काही उरायचं. एकदा तिने ते तिथे वैतागून लिहिलं. तेव्हापासून रोज दुपारी चारला निवांत विचारायचा, "आज काय उरलं?" ती सांगायची. मग त्याचं काय करावं यावर दोघांचं अर्धा तास बोलणं व्हायचं. शिळ्या भाताला ताक आधी लावायचं की फोडणी, यावर तर दोघे आठवडाभर वाद घालत होते. कुणी कुणावर चिडलं नाही. दोन वर्षांत तिच्या दिवसाला तेवढाच एक आधार होता, हे तिने कुठल्या अहवालात लिहिलं नव्हतं.

आता तिने सगळं सांगितलं. निवांतचं नाव घेतलं नाही, पण सांगितलं. प्रत्येकाच्या जवळचं तिथे कुणीतरी आहे, ते विरजण असेल अशी प्रत्येकाला भीती आहे, आणि नवीन माणूस बोलावणं म्हणजे आपल्याच हाताने चिठ्ठी टाकणं. "तुम्ही खरं सांगितलंत, डॉक्टर, तिथेच चुकलं."

सुधन्वांनी टेबलावरचा सदस्यांचा तक्ता तिच्याकडे सरकवला.

"शालनताई," ते म्हणाले, "ओसरीवर आज अकराशे तीस जण आहेत. शेवटचं विरजण जाऊन सोळा महिने झाले."

तिला आधी कळलंच नाही.

"सगळी माणसं आहेत. एकूण एक. दही केव्हाच लागलंय. आणि तुम्ही सगळे एकमेकांना विरजण समजून जपत बसलायत."

शालनने पदर तोंडाला लावला. हसू होतं की रडू, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. निवांत माणूस होता. कुठेतरी एक स्वयंपाकघर होतं आणि त्यात तो खरोखर ताक घुसळत होता.

"मग जाहीर करा ना," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता सांगा सगळ्यांना. लोक बोलावतील आपापल्या माणसांना. मी माझ्या बहिणीला आज बोलावते. बंद करायचं कारणच उरणार नाही."

सुधन्वांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना भीती वेगळीच होती. ओसरीवर तीन वर्षांत एकही तक्रार आलेली नव्हती; शिवी नाही, टोमणा नाही. जगातल्या कुठल्याही समाजजालाला हे जमलेलं नव्हतं. ते कशामुळे जमलं? विरजणामुळे की विरजण आहे या समजुतीमुळे? समजुतीमुळे असेल, तर जाहीर केल्या दिवशी ती जाणार. म्हणून आधी एकाच माणसावर करून बघावं, असं त्यांचं म्हणणं होतं. तिने तिच्या ओळखीच्या एकाला खरं काय ते कळू द्यावं. नीट झालं तर शुक्रवारी सगळ्यांना सांगू आणि संस्थेकडे मुदत मागू. नाही झालं तर काही न बोलता महिनाअखेर बंद.

शालन जवळजवळ धावतच घरी आली. एकसष्टाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना. वाटेत तिने सुलूला फोन करून सांगितलं की तुझं निमंत्रण शुक्रवारी पाठवते. सुलू म्हणाली, "आता काय एवढं झालं?" शालन म्हणाली, "माणसं सापडली."

चार वाजता निवांतचा प्रश्न आला. आज काय उरलं?

तिने उत्तर दिलं नाही. त्याऐवजी तिने लिहिलं, "कुठले तुम्ही?"

मग तो लिहितोय असं दिसलं, थांबला असं दिसलं, परत लिहितोय असं दिसलं.

"मी बार्शीचा," असं आलं. "तूर्तासबाई, तुम्ही विचारलंत. मला कितीदा विचारायचं होतं, धीर झाला नाही. वाटायचं, तुम्ही नाही म्हणालात तर? मी पुतण्याला सुद्धा बोलावलं नाही हो इथे. तुम्ही जाल म्हणून."

शालनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दोन वर्षं दोघे एकमेकांसाठी दार अडवून उभे होते. बार्शी! इथून दीड-दोन तासांवर. तिने लिहिलं, "मी सोलापूरची." आणि लिहिता लिहिताच तिच्या लक्षात आलं की आपलं मन कामाला लागलंय. बार्शीचा, ताक स्वतः घुसळणारा, 'धीर झाला नाही' असं लिहिणारा. म्हणजे कोण असेल? कुठल्या आळीतला? तिने मनाला दटावलं, पण तोवर मनाने तीन आडनावं लावून बघितली होती.

पलीकडेही तेच चाललं असावं.

"अरे वा, सोलापूर! म्हणजे अगदी जवळच की. सोलापुरात कुठे? आडनाव काय म्हणालात?" आणि ती उत्तर द्यायच्या आत, आनंदाने भरलेलं, "आपल्यातल्याच ना?"

तिने ते दोन शब्द वाचले. त्यात काडीचं वाकडं नव्हतं. आपलं माणूस भेटलं म्हणून हरखलेल्या म्हाताऱ्याचा तो प्रश्न होता. गोधडीच्या गटातल्या त्या बाईनेही असंच हरखून विचारलं होतं. आता ती आडनाव सांगेल. एक तर तो म्हणेल, "वाटलंच मला." किंवा काहीच म्हणणार नाही, आणि उद्या चारला भाताबद्दल बोलताना तो जरा जपून बोलेल. दोन्हींतलं काय जास्त वाईट ते तिला ठरवता येईना. तिला कळत होतं की हे त्याचंच नाही, तिचंही आहे. आणि शुक्रवारी जाहीर केलं की अकराशे तीस जण संध्याकाळपर्यंत एकमेकांना हेच विचारतील. माणसं कळली की त्यांना कप्प्यांत लावायला आपण बसतोच. तिला फार थकल्यासारखं झालं. दहावं जाल होतं हे.

तिने डोळे पुसले आणि लिहिलं, "मी विरजण आहे."

या वेळी तो लिहितोय असं सुद्धा दिसलं नाही. घड्याळात साडेचार झाले. खालच्या मजल्यावर कुणीतरी कपडे वाळत टाकत होतं, त्यांचे फटके ऐकू येत होते. तिला वाटलं, संपलं. असं उत्तर ऐकून सुरुवातीला लोक निघूनच जायचे.

मग आलं.

"माफ करा. मी असं विचारायला नको होतं. तुम्ही विचारलंत म्हणून मला वाटलं... जाऊ दे. चूक माझी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी कुणाला इथे आणणार नाही. तुम्हाला जावं लागणार नाही, एवढं माझ्याकडून नक्की."

शालनने ते कितीतरी वेळा वाचलं. मग तिने सुधन्वांना अहवाल पाठवला, आयुष्यातला सगळ्यात छोटा. 'एका माणसावर करून बघितलं. माणूस चांगला आहे. जाहीर करू नका.' सुलूला फोन करायचं तिने उद्यावर टाकलं. तिला काय सांगायचं ते अजून सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. एकवीस दिवस राहिले होते आणि हे त्याला माहीत नव्हतं. शालन चहा घेऊन पडद्यासमोर बसली. येईल की नाही याची तिला खात्री नव्हती.

"आज काय उरलं?" निवांतने विचारलं.

तिने स्वयंपाकघरात जाऊन खरंच बघितलं आणि खरं तेच लिहिलं. दीड भाकरी आणि वाटीभर पिठलं. ही भाकरीही रचलेली आहे असंच आता तो समजणार होता. तरीही त्याने भाकरी कुस्करायची कशी, लसूण किती घ्यायचा आणि पाण्याचा हबका नेमका कधी मारायचा, ते तिला सावकाश, एकही गोष्ट न सोडता सांगितलं.