उजव्या सीटवर कोणी नव्हतं

माझ्या पहिल्या सोलोला उदगीरहून टेम्पो भरून माणसं आली. सोलो म्हणजे शिकाऊ वैमानिकानं पहिल्यांदाच एकट्यानं विमान उडवून उतरवणं. पण आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, घरात ते असं सांगितलं की लग्नाला यावं तसे सगळे नटून आले. कापडाचं दुकान बंद. उमाआत्याच्या टोपलीत धपाटे आणि शेंगाची चटणी. लातूर विमानतळावर मला विमान शिकवणाऱ्या सरांना गळ घालून आत्या थेट विमानापाशी पोचली आणि त्याच्या नाकावर विभूतीचे तीन पट्टे ओढून मोकळी झाली.

"आत्या, मशीन हाय ते."

"मग? टेम्पोला बी ओढतो की. त्याचं काय वाईट झालं?"

आप्पांची अट एकच होती. "शिवकन्या, एकटीनं उतरून दाखव. मग नावं ठेवणाऱ्या भावकीला मी बघून घेतो. दुसऱ्या कुणी हात लावला तर गुमान दुकानात बसायचं."

किशनराव सर नांदेडचे, अघळपघळ बोलणं त्यांना जमतच नाही. उतरताना माझी गडबड झाली की उजव्या सीटवरून ते एवढंच म्हणत, "माझ्याकडे." म्हणजे विमान आता त्यांच्या हातात. मी "तुमच्याकडे" म्हणून दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. विचार करायचा नाही. झोपेत कुणी म्हटलं असतं तरी मी हात उचलले असते.

त्या सकाळी सर उतरले, रिकाम्या सीटचा पट्टा आवळून बांधला आणि वॉकीटॉकी घेऊन धावपट्टीच्या कडेला जाऊन उभे राहिले.

सरांचं वजन गेल्यावर विमानानं टुणकन उडीच मारली! खाली तुरीची शेतं, कुंपणाशी रंगीत ठिपके झालेले माझे लोक. मी मोठमोठ्यानं हसत सुटले. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

वळण घेताना विमान उजवीकडे जरा जड वाटलं. टाकीत इंधन कमीजास्त झालं असेल म्हणून मी सावरून घेतलं. मग खोबरेल तेलाचा वास आला. मी केसांना तेल लावत नाही. आत्याच्या हाताचा असेल, म्हटलं.

उतरताना आडवा वारा लागला. चाकं आपटली आणि विमान उसळलं. दुसऱ्यांदा त्याहून उंच उसळलं. नाक खाली जायला लागलं आणि मला काही सुचेना.

"माझ्याकडे."

"तुमच्याकडे," मी म्हटलं.

माझे दोन्ही हात मांडीवर होते.

समोरची दांडी मागे आली. हळूच, हवी तेवढीच.

नाक वर आलं. पुढचं चाक फुटलं, विमान गवतात घुसलं, गर्रकन फिरलं आणि थांबलं. पंखा वाकला. मला खरचटलंही नाही.

सर धापा टाकत आले. "मेलो होतो मी इथं! कसं सावरलंस गं?"

"तुम्हीच तर म्हणालात, माझ्याकडे."

"मी? माझी तर बोबडी वळली होती. काय बोलायलीस?"

त्यांनी उजवीकडे पाहिलं. पट्टा तसाच आवळलेला होता.

"चौकशी व्हायची ती होईल," ते म्हणाले. "विमानात तू एकटी होतीस. सोलो झालं."

आप्पा कुंपणाकडून धावतच आले. "एकटीच व्हती न्हवं, सर?"

"एकटीच."

आप्पा लहान पोरासारखे रडायला लागले, रडता रडता नाचायला लागले. सोलो झालं की त्या पोराला भिजवायचं, अशी आम्हा शिकाऊ वैमानिकांत रीत आहे. पंखा वाकला म्हणून रीत कोण सोडतो? माझी वर्गमैत्रीण सिंधू आणि बाकीचे मला शेडसमोरच्या सिमेंटवर घेऊन गेले, बादल्या आल्या आणि चहूबाजूंनी पाण्याचा मारा झाला. आत्यानंही पदर खोचून एक बादली रिकामी केली. आप्पा भिजले, सर भिजले, हसून हसून पोटात दुखायला लागलं.

डोळ्यांतलं पाणी पुसून मी खाली पाहिलं. सगळं सिमेंट ओलं होतं. माझ्या उजव्या हाताला, अगदी लगत, दोन पावलांएवढी जागा तेवढी कोरडी होती. अनवाणी पावलं. बोटं माझ्याकडे.

सिंधूनं हसत हसत उरलेली बादली नेमकी तिथंच ओतली. पाणी पावलांना वळसा घालून वाहत गेलं.