सत्तावीस नंबरची तक्रार

"पाय बाजूला घ्या."

मी तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा पालथ्या होडीखालून उत्तर आलं, "कोणत्या नियमाने?"

ऑक्टोबरातला रविवार, सकाळचे सव्वानऊ. मेहरूण तलावाच्या काठावर क्लबच्या होड्या पालथ्या घातल्या होत्या आणि एकीखालून दोन लांब पाय थेट वाटेत आले होते. त्यांना अडखळून मी पडता पडता वाचले. हातातली मोजमापाची टेप मात्र घरंगळत पाण्यात गेली.

"वाटेत पाय पसरून झोपू नये, याला नियम लागत नाही. अक्कल लागते."

होडी थोडी उचलली गेली. केसांत, भुवयांवर पांढरी भुकटी, आणि त्यातून दोन काळे डोळे. "झोपलो नाही मॅडम, भोक बुजवतोय. ती टेप... तरंगते का?"

"नाही."

"मग गेली." आणि तो हसला.

हसला म्हणून माझा राग दुप्पट झाला. त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उतरला, चिखलातून टेप शोधून आणली, शर्टाला पुसली. माझ्या हातात देताना मात्र ती लगेच सोडली नाही.

"नियम लिहायला भुसावळहून येणार होत्या, त्या तुम्हीच ना?"

"सोडा टेप."

सोडली. तो बादल पावरा. गाव यावलच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. धरणाच्या पाण्यावर होडी हाकत मोठा झालेला, आता क्लबात होड्या दुरुस्त करणारा. एक मोडकी होडी क्लबने टाकून दिली होती, ती त्याने स्वतः उभी केली होती. तिच्या शिडावर सत्तावीस हा आकडा त्याने हातानेच शिवला होता.

मी मोनाली. भुसावळला रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात काम करते. चार मिनिटांचा उशीर कोणाच्या नावावर टाकायचा, यावर तिथे तास तास भांडणं चालतात आणि ती मला आवडतात. कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल विभागात होते, मग मुंबईला जाऊन शीड-शर्यतींच्या पंचाची परीक्षा दिली. मागच्या वर्षी क्लबच्या शर्यतीत दोन स्पर्धकांनी आपणच जिंकलो असं म्हणून कप सहा-सहा महिने वाटून घेतला होता. त्यानंतर अध्यक्ष प्रेमराजभाऊंनी मला नियमांचं पुस्तक लिहायला बोलावलं.

दर रविवारी मी जायचे आणि दर रविवारी आम्ही भांडायचो. सुरुवातीच्या भोंग्याआधी पाच मिनिटं झेंडा कशाला, चार मिनिटं उरली की दुसरा कशाला? वळणाची खूण म्हणून पाण्यात तरंगणाऱ्या पिंपाला होडी घासली आणि कोणी पाहिलं नाही, तरी स्वतःहून गोल फिरून शिक्षा घ्यायची म्हणजे काय? तो प्रत्येक नियमाला कारण मागायचा. मी कारण दिलं की तो नियम त्याला कायमचा पाठ व्हायचा. कारण मलाच सापडलं नाही, की घरी जाऊन मी अर्धी रात्र चिडलेली असायची.

नोव्हेंबरात एकदा बांधाच्या अरुंद वाटेवर आम्ही समोरासमोर आलो. एकालाच जाता येईल एवढी जागा. तो हलेना.

"सरक ना."

"वारा माझ्या उजवीकडून येतोय," तो गंभीरपणे म्हणाला. "म्हणजे तुझ्या डावीकडून. वारा डावीकडून असेल त्याने बाजूला व्हायचं. तूच शिकवलंस."

"तो नियम होड्यांचा आहे."

"मग होऊ दे धडक... माझी हरकत नाही."

मला वाटेखाली, बोरीच्या काट्यांत उतरावं लागलं. वारा खरोखर डावीकडून होता. वर उभा राहून तो हात पुढे करत म्हणाला, "कसाले चिडी राहिनी तू?" मी त्याचा हात धरून वर आले. वर आल्यावरही हात काढून घ्यायला जरा जास्तच वेळ लागला. किती, ते मोजलं नाही. मी न मोजलेली ती एकच वेळ.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी तो शीड शिवत बसला होता. सुई थांबली.

"मोनाली, एक सांगायचं होतं..."

"नको."

"ऐक तरी—"

"जानेवारीतली शर्यत होईपर्यंत एक शब्द बोलू नकोस, बादल."

त्याचा चेहरा मिटला. "बठ्ठं समजलं," तो म्हणाला आणि सुई पुन्हा कापडात घातली.

त्याला काहीच समजलं नव्हतं. शर्यतीतल्या तक्रारी ऐकणाऱ्या तिघांच्या समितीत माझं नाव होतं. पुस्तकाच्या सातव्या पानावर मीच लिहिलं होतं, की समितीतल्या कोणाचं स्पर्धकाशी जवळचं नातं असेल तर त्याने ते सुनावणीआधी सांगायचं आणि उठायचं. त्याने बोललेलं मी ऐकलं असतं, तर मला उठावं लागलं असतं. बोललंच नाही तर काही घडलंच नाही, असं मी स्वतःला बजावलं. आणि हे कारण त्याला सांगणं म्हणजे माझ्या मनातलं सांगणंच झालं असतं.

दोन आठवडे तो मला 'मॅडम' म्हणत राहिला. त्या 'मॅडम'ने माझं डोकं फिरायचं.

जानेवारीत दोन दिवस, पाच शर्यती. जिंकणाऱ्याला मुंबईच्या प्रशिक्षक शिबिरात खान्देशाला मिळालेली एकुलती एक जागा. बादलला ती हवी होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या होड्यांची भोकं बुजवायची नव्हती त्याला, मुलांना होडी शिकवायची होती. चार शर्यती झाल्या तेव्हा तो आणि रोनक बरोबरीत होते. रोनक प्रेमराजभाऊंचा पुतण्या, बावीस वर्षांचा, होडीत बसला की कोणाशी बोलायचाही नाही एवढा मन लावून खेळणारा.

पाचव्या शर्यतीत शेवटच्या पिंपाजवळ दोघांच्या वाटा एकमेकींना छेदणार होत्या. रोनकला वारा डावीकडून, बादलला उजवीकडून. हक्क बादलचा. बादलने एकदम सुकाणू ओढलं, होडी वळवली, "तक्रार!" म्हणून ओरडला आणि लाल झेंडा लावला. त्या वळण्यात त्याचा वेग गेला. रोनक अर्ध्या होडीने जिंकला.

मी काठावरून दुर्बिणीतून बघत होते. दुर्बीण खाली घेतली. मला जे दिसलं होतं ते मला नको होतं. बादल लवकर वळला होता. दोघांत चांगलं दीड होडीचं अंतर होतं, रोनक पुढून आरामात निघून गेला असता.

इतका राग मला कोणाचा कधी आला नव्हता.

एक पन्नासला त्याची लेखी तक्रार आली: रोनकने वाट दिली नाही, धडक टाळायला वळावं लागलं. तीनला सुनावणी. क्लबच्या शेडकडे जाताना तो दारात भेटला.

"तू आहेस आत," हळूच म्हणाला. "मला काळजी नाही."

"का नाही?"

"तू आहेस म्हणून."

मी आत गेले. टेबलामागे तीन खुर्च्या: मधे प्रेमराजभाऊ, एका बाजूला धुळ्याहून आलेले निवृत्त इंजिनिअर रतिलाल नाना, दुसरीकडे मी. समोर बादल आणि रोनक. हिशेब सोपा होता. नाना माझ्या शब्दाला मान देत. मी जे पाहिलं ते गिळलं असतं, तर दोन विरुद्ध एक, आणि बादल मुंबईला.

प्रेमराजभाऊंनी छापील कागद पुढे ओढला. "समितीत कोणाचं कोणाशी जवळचं नातं? नाही... नाही... नाही. चला, पुढे."

"भाऊ, रोनक तुमचा पुतण्या आहे," मी म्हणाले.

"अगं, ते बठ्ठ्या गावाला माहीत आहे. त्यात सांगायचं काय? मी काका घरी. इथे अध्यक्ष."

"पान सात, भाऊ."

"तू फार पान-पान करतेस, मोनाली. कोणाचं कोणी नाही असं माणूस कुठून आणायचं? तुझं तरी कोणी नाही का इथे?"

त्यांनी सहज म्हटलं होतं. उत्तराची वाटही न बघता ते पेनाचं टोपण काढत होते. त्यांच्याकडे बोट दाखवायचं तर आधी मला उठायला हवं होतं. माझा संताप भाऊंवर होता, लवकर वळणाऱ्या त्या माणसावर होता, आणि दोन आठवडे 'काही घडलंच नाही' म्हणणाऱ्या स्वतःवर सगळ्यांत जास्त.

"आहे," मी म्हणाले आणि उभी राहिले.

"कोण?"

"सत्तावीस नंबर."

 भाऊंनी कागद बघितला. "इथे... नात्याचं स्वरूप लिहायचं आहे. काय लिहू? नातेवाईक? भागीदार?"

"प्रेम लिहा."

"काय?"

"प्रेम. दोन अक्षरं आहेत, भाऊ. मावतील."

बादल ताडकन उठला. कानापर्यंत लाल झाला होता. "आत्ता? तीन महिने... मी बोलायला गेलो तर तोंड बंद कर म्हणालीस, आणि आत्ता? इथे?"

"बस खाली. सुनावणी चालू आहे."

"तू उठलीस तर मागे कोण राहतं? त्याचा काका!"

"दोन्ही पक्षांची हरकत नसेल तर तुम्हा दोघांना बसता येतं," नाना चष्मा पुसत म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं. "विचारा त्यांना."

"माझी हरकत नाही!" बादल ओरडला. "तिला बसू द्या."

रोनकने मान वर केली. "माझी आहे. दोघांवर. काका, तुम्हीपण उठा. नाहीतर जिंकलो तरी गाव म्हणेल काकाने जिंकवला."

प्रेमराजभाऊ त्याच्याकडे बघत राहिले. मग खुर्ची मागे सरकवून माझ्याशेजारी भिंतीला येऊन उभे राहिले. "पुस्तक कोणी लिहायला सांगितलं होतं हिला?" ते पुटपुटले. "मीच."

दोघांची समिती चालत नाही, मत अडकतं. एकाची चालते. नाना एकटेच बसले. टेबलावर दोन बोरं ठेवली, एक रोनकची होडी, एक बादलची, मधे काडेपेटी म्हणजे पिंप. दोघांनी आपापली बोरं सरकवून दाखवली आणि दोघांची गोष्ट वेगळी निघाली.

"तिसऱ्या कोणी पाहिलं?" नानांनी विचारलं.

मी पाहिलं होतं. मी आता समितीत नव्हते, म्हणजे साक्षीदार होऊ शकत होते. बादलने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत खात्री होती, आणि तीच मला सोसवेना.

मी पुढे होऊन त्याचं बोर मागे ओढलं. "तो वळला तेव्हा एवढं अंतर होतं. दीड होडी."

"म्हणजे वळायची गरज होती?"

"नव्हती, नाना."

 पाच वाजता फळ्यावर निकाल लागला. तक्रार फेटाळली. पहिला रोनक.

मी स्कूटर सुरू करत होते तेव्हा तो आला. हँडलवर हात ठेवून उभा राहिला.

"सगळ्यांसमोर माझी झालीस आणि अर्ध्या तासात मला बुडवलंस."

"चाळीस मिनिटांत. आणि बुडवलं मी नाही. लवकर का वळलास?"

तो तलावाकडे बघत राहिला. पाण्यावरचा उजेड कमी होत चालला होता. "चिडलो होतो," शेवटी म्हणाला. "तुझ्यावर. रोनक समोर दिसला आणि वाटलं, पकडतो याला नियमात. तिच्याच नियमात... सरळ गेलो असतो तर कदाचित जिंकलोही असतो."

"हो."

"'नाही पाहिलं' म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"मुंबई गेली, बादल. मला तिचं तुझ्याइतकंच वाईट वाटतंय. पण मी खोटं बोलले असते, तर ज्याचं नाव त्या कागदावर लिहायला लावलं तो उद्या माझ्या शब्दावर विश्वास कसा ठेवणार?"

 तो एकदम म्हणाला, "तुझी सुनावणी चुकीची झाली."

"कुठे चुकली?"

"एका पक्षाचं ऐकून निकाल देता येत नाही. तू जाहीर केलंस, लिहून घेतलंस... मला विचारलं कोणी? दुसऱ्या पक्षाचं म्हणणं ऐकलं पाहिजे. पान अकरा."

"बारा," मी म्हणाले. पण तो बरोबर होता. मी त्याला बोलूच दिलं नव्हतं. डिसेंबरातही नाही, आजही नाही.

स्कूटर बंद केली.

"बोल."

 त्याची हँडलवरची बोटं आवळली, सुटली. भुवईवर अजूनही पांढरी भुकटी होती. कुठे काय दुरुस्त करून आला होता कोण जाणे.

"माले बी शे... प्रेम," तो म्हणाला. "कधीचं."

 काठावर क्लबचे लोक शिडं गुंडाळत होते.

"माझा राग गेलेला नाही," त्याने बजावलं.

"माझाही नाही."

"स्टँडवर जायचंय मला. गावची शेवटची बस सातची. आईला निकाल सांगायचाय."

मी मागची पिशवी पुढे घेतली, जागा केली. तो तसाच उभा. कपाळाला आठ्या, ओठ घट्ट मिटलेले.

"मी चिडलेलो आहे, मोनाली."

"चिडूनच बस," मी म्हणाले.

बसला.