सीझन संपेपर्यंत

मार्चमधल्या त्या दिवशी एवढी धूळ उडत होती, की समोरचा सिग्नल दिसेना. माझ्या टॅक्सीचं चाक पंक्चर झालेलं, आणि मी ओढणीने तोंड झाकून कुवेतमधल्या एगैलाच्या रस्त्याकडेला उभी. दिवसभर दातांच्या दवाखान्यात नर्स म्हणून लोकांचे उघडे जबडे बघून जीव मेटाकुटीला आलेला.

“मेलं नशीबच फुटकं!” मी पुटपुटले.

“अरे वा, आमच्या बाजूचां कोणीतरी दिसता!”

एक पांढरी शेवरोले लुमिना थांबली होती. आतून निळ्या कव्हरऑलमधला मेकॅनिक हसत उतरला. दत्तप्रसाद, कुडाळचा.

“मी विशाखा. देवगडची,” मी म्हटलं. “पण परक्या माणसाच्या गाडीत मी बसणार नाही हं.”

“गाडी पण माझी नाय, गिऱ्हाईकाची. ट्रायल घेतंय.” तो टॅक्सीचं चाक बदलायला बसलासुद्धा. “आणि ही अमेरिकन नाय, बरां का. बिल्लो अमेरिकेचो, माहेर ऑस्ट्रेलिया. लगीन होऊन नाव बदलला, इतक्याच! तिकडे हिच्या भयणी शर्यतीत धावतत.”

मला हसू आलं. किती दिवसांनी... कोण जाणे.

त्याच शुक्रवारी तो मुमताजभाभींकडे भेटला. भाभी रत्नागिरीच्या. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घरी आम्हा कोकणातल्या एकट्या माणसांची पंगत बसायची. जेवणानंतर दत्ताने पिशवीतून व्हिडिओ कॅसेट काढली. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतला एक ऑस्ट्रेलियन इंजिनियर त्याचं गिऱ्हाईक होता. त्याचा भाऊ तिकडच्या टूरिंग कार शर्यती टेप करून धाडायचा. त्याच्या बघून झाल्या की त्या दत्ताकडे यायच्या.

“ह्यात बघायचं काय? नुसत्या गोल गोल फिरतात,” मी म्हणाले.

“तू पण दवाखानो आणि रूम, रूम आणि दवाखानो... गोलच फिरतंस. मी बघतंय ना?”

“इश्श!” म्हणून मी वळले खरी, पण पुढचा प्रत्येक शुक्रवार मी त्याच सोफ्यावर काढला. लुमिनाच्या बहिणींपुढे फोर्ड गेली की त्याचा चेहरा पडायचा. मी मुद्दाम फोर्डच्या बाजूने ओरडायची.

त्या सीझनची शेवटची शर्यत नोव्हेंबरात होती. आणि माझा अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जानेवारीअखेर संपत होता. नवा करायचा की कायमचं घरी जायचं, हे दवाखान्याला सांगायचं होतं. खरं सांगू? मी पार थकले होते. भावाचं शिक्षण, बहिणीचं लग्न... सगळं उरकलं होतं. ज्याच्यासाठी थांबावं असं एकच माणूस होतं, आणि ते काही बोलतच नव्हतं.

“दत्ता, मी जाऊ का परत?”

“सीझन संपू दे गो,” एवढंच म्हणायचा.

ईद होऊन गेली, जानेवारी उजाडला, तरी शेवटची टेप काही येईना. दर शुक्रवारी त्याचं एकच, “अजून इली नाय.”

आणि मग तो इंजिनियर दाढ भरायला आमच्याच दवाखान्यात आला. मी सहज विचारलं. म्हणाला, “शेवटची? ती तर मी नाताळाआधीच दिली!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या शुक्रवारी भाभींच्या दारातच मी दत्ताला गाठलं.

“खोटारड्या! उद्या मला उत्तर द्यायचंय आणि तू टेप दडवून बसलास?”

तो खाली बघत राहिला. “सीझन संपलो की तू जातलंस... म्हणान खाटीखाली ठेवलंय. विचारूचां होतां, पण भियालंय.”

“काय विचारायचं होतं?”

“लगीन... करशीत माझ्याशी?”

आत भाभींनी भांडी घासायची थांबवली. मी तिथेच उंबऱ्यावर टेकले. “मी फार दमलेय रे, दत्ता. तुला हसरी, नटलेली बायको हवी असेल तर...”

“तू निज गो. मी हंय असंय, तुझ्या बाजूक.”

त्याने खोलीवर जाऊन टेप आणली आणि लावली. डोंगरावरची शर्यत, धो धो पाऊस, पाणी उडवत धावणाऱ्या गाड्या. एका गाडीला दोन ड्रायव्हर. एक दमला की दुसरा बसायचा, असं तो सांगत होता. त्याच्या खांद्याशी माझे डोळे कधी मिटले कळलंच नाही. इतकी गाढ झोप मला कुवेतमध्ये कधी लागली नव्हती.

जागी झाले तेव्हा अंगावर भाभींची शाल होती. टीव्हीवर एक गाडी पावसात जागच्या जागी थरथरत थांबलेली, आणि दत्ता हातात रिमोट घेऊन तसाच बसलेला. खांदासुद्धा हलवला नव्हता.

“कोण जिंकलं?”

“ठाऊक नाय. तू निजलंस, म्हणान थांबवलंय.”

मी त्याच्या हातातला रिमोट घेतला.

“संपू दे सीझन,” मी म्हटलं. “मी अकामा नवा करतेय. एकच वर्ष हं, दत्ता... मग घरी जायचं ते दोघांनी.”