पोर्चमधली होडी

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. खोटं वाटलं तर सोडून द्या. पण त्या दिवशी मी तिथे होतो.

मागच्या जानेवारीतला रविवार. झिरकपूर, चंदीगडला अगदी खेटून. सकाळचे अकरा वाजले होते, पण धुक्यात आमचं गेटही दिसत नव्हतं.

पोर्चमध्ये होडी होती.

हसू नका, सगळी गल्ली हसून झाली आहे. "सूबेदार साहब, समुंदर किधर है?" बाबा फौजेतून रिटायर झालेले, मूळचे मालवणचे. जुनी होडी नीट करून गावी न्यायची, हा त्यांचा हट्ट. तिच्यात ते इन्व्हर्टर-चार्जर बसवत होते. घरच्या लाइटवर बॅटरी चार्ज करायची आणि पाण्यात त्याच बॅटरीवर दिवे, पंखा.

त्यांचा नियम एकच. ते होडीत वाकून काम करणार, मी भिंतीवरच्या स्विचपाशी. तारेला हात लावण्याआधी ते विचारायचे, "बंद?"

मी स्विच बघून म्हणायचं, "बंद."

त्याच्या आधीच्या ऑक्टोबरमध्ये बाबा त्याच होडीत गेले. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. मी काही बोललो नाही. रडलोही नाही.

आईचं मात्र एकच. "शंतनू, त्यांचं काम अर्धवट ठेवायचं नाही. पूर्ण करून गावी विनायकभावोजींकडे पाठव." म्हणून त्या रविवारी गुरमेल नावाच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो होडीत, मी स्विचपाशी.

मी स्विच बंद केला.

थोड्या वेळाने होडीतून आवाज आला...

"बंद?"

मी बघितलं. "बंद," म्हणालो.

पुन्हा...

"बंद?"

"बंद है, भाई." मी जरा वैतागलोच.

"किससे बात कर रहे हो जी?"

गुरमेल गेटमधून आत येत होता. हातात वायरचं बंडल. ते आणायला स्कूटरपाशी गेला होता. धुक्यात मला दिसलाच नव्हता.

होडीत कोणी नव्हतं.

आणि आतून...

"बंद?"

गुरमेलला काहीच ऐकू आलं नाही. तो चढला आणि कामाला लागला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अरे, उत्तर दे ना त्यांना. केव्हाचे विचारतायत."

मग भांड्यांचा आवाज थांबला...



आम्ही दोघं त्यावर आजपर्यंत बोललेलो नाही.

होडी फेब्रुवारीत मालवणला गेली. विनायककाका म्हणतात, झकास चालते.

आवाज मात्र इथेच राहिला. रिकाम्या पोर्चमधून येतो. कधी जेवताना, कधी ऑफिसला निघताना. मी हातातलं टाकून जातो, स्विचवर बोट ठेवून बघतो, मगच उत्तर देतो. भीती वाटत नाही. ऑक्टोबरपासून मला काहीच वाटत नाही.

ऑक्टोबरमध्ये माझ्या हातात मोबाइल होता. मी मान वर न करताच "बंद" म्हणालो. स्विच चालू होता. लोक जमायच्या आत मी तो बंद केला.

आता कितीही वेळा सांगितलं, तरी ते पुन्हा विचारतात.

त्या दिवशी त्यांनी एकदाच विचारलं होतं.