घर पाहण्याची वेळ अकरा ते दोन

शनिवारी सकाळी आठ वाजता दोन्ही हातांत पिशव्या घेऊन नेवेना चौथ्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडली, तेव्हा तिच्या डोक्यात फक्त लिंबं होती. कामेलियानं सहा सांगितली होती आणि बाजारात डाग नसलेली पाचच मिळाली होती.

"विकायच्या घरात काचेच्या भांड्यात लिंबं हवीतच," कामेलिया म्हणायची. "लिंबं बघितली की माणसाला वाटतं, या घरात कुणाचं तरी बरं चाललंय."

विकायला काढलेली घरं सजवायची आणि गिऱ्हाइकांना दाखवायची, हेच कामेलियाच्या कचेरीचं काम. नेवेना तिथं तीन महिने उमेदवारी करत होती, म्हणजे कामेलियाच्या मागून उशा वाहत होती. आजचं घर पहिल्यांदाच तिचं एकटीचं होतं. "आज गिऱ्हाईक पक्कं झालं तर तू कायम," कामेलिया कागदावरून नजर न उचलता म्हणाली होती, "नाहीतर सोमवारी येऊ नकोस." आणि सोमवारनंतर होती इटली. नेवेनाची आई सहा वर्षांपासून तिथं परक्याच्या म्हातारीला न्हाऊमाखू घालत होती, आणि लेकीसाठीही तिनं एक म्हातारी बघून ठेवली होती. रोज फोनवर तेच. "मग, येतेस ना?" नेवेनाला रुसे सोडायचं नव्हतं. हे गाव, ही नदी, हे धुकं यांतून उठून दुसऱ्या देशात कुणाची पाठ चोळत बसायचं, या विचाराचीच तिला धास्ती वाटायची. पण धास्ती तिला कशाचीही वाटायची. लिफ्टनं जरा हिसका दिला की ती भिंत धरायची. कचेरीत तिचं नाव 'ससेबाई' पडलं होतं.

दारावर मृत्यूचा कागद होता. काळी चौकट, मधे फोटो, वर कोपऱ्यात काळी फीत. असे कागद रुसेत जिथं तिथं असतात, दारांवर, झाडांवर, बसथांब्यांवर. नजर त्यांवर ठरत नाही. पण आज नेवेनानं वाचला. वासिल्का तोनोवा, शिवणकाम करणाऱ्या, वय एक्क्याऐंशी. दफन उरकल्यावर त्यांच्या हँबर्गच्या भाच्यानं कागद लावला होता, घर विकायला काढलं होतं आणि त्याच संध्याकाळी तो परत गेला होता.

कामेलियाची ताकीद होती, आधी तो कागद काढायचा. नेवेनानं नखानं चिकटपट्टी सोडवली, कागदाची घडी केली, आत फीत ठेवली आणि घडी पर्समध्ये सारली. घरात शिरून, माणूस गेल्यावर आरशावर झाकतात ती चादर काढली. खिडकीत वासिल्काबाईंसाठी ठेवलेल्या पाण्याच्या पेल्यावर धुळीची साय आली होती. ते पाणी तिनं मोरीत ओतलं. "माफ करा," ती पुटपुटली, आणि मग आपण कुणाला म्हणालो म्हणून तिनं मागं वळून पाहिलं.

"ए पोरी, कागद कुठं गेला?"

नेवेनाच्या हातातून पेला निसटता निसटता राहिला. उंबऱ्यात समोरच्या घरातल्या त्सोंकाकाकू उभ्या होत्या, कचऱ्याची पिशवी घेऊन.

"काढला, काकू. आज लोक येणारेत घर बघायला."

"चाळीस दिवस कुठं झालेत? आज सदतिसावा."

"दोन वाजेपर्यंतच. मग परत लावते."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. "तो कागद आपण वाचावा म्हणून लावतात असं वाटतं होय तुला? कोण गेलं ते आम्हाला ठाऊकच असतं. या जिन्यात कुणाची मांजर व्याली तरी कळतं."

"मग कुणासाठी?"

"जो गेला त्याच्यासाठी. चाळीस दिवस जीव ये-जा करतो. येता-जाता दारावर आपला फोटो बघतो, नाव वाचतो. आपण गेलो, हे हळूहळू पटतं त्याला. आणि वासिल्काला एकदा सांगून काही पटलंय असं आयुष्यात झालं नाही." काकू स्वतःशीच हसल्या आणि पिशवी उचलून जिना उतरू लागल्या. नेवेनाही हसली, पण तोवर काकू खालच्या वळणावर गेल्या होत्या.

मग कामाला जुंपून घेण्यावाचून इलाज नव्हता. भाच्याचे लहानपणचे फोटो, औषधांच्या बाटल्या, झिजलेल्या सपाता, सगळं खोक्यात गेलं. ओव्हनमध्ये पाण्यात व्हॅनिला घालून वाटी ठेवली. पलंगावर नवी चादर घातली, तिचा एक कोपरा दुमडून ठेवला. न्हाणीघरात पांढरेशुभ्र टॉवेल लावले. ते कुणी वापरायचे नसतात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बशा, पेले आणि लिंबांचं भांडं. कामेलियाचा मंत्रच होता, घर असं दिसलं पाहिजे की घरातलं माणूस आत्ता कोपऱ्यावर पाव आणायला गेलंय, एवढ्यात येईल.

डॅन्यूबवरचं धुकं खिडक्यांना येऊन टेकलं होतं. दिवसाच सगळे दिवे लावावे लागले.

साडेदहाला ती हात धुवायला गेली तर टॉवेल ओला होता. आपणच पुसले असतील हात... तिनं दुसरा लावला. स्वयंपाकघरात आली तर एक खुर्ची बाहेर ओढलेली. तिनं ती आत सरकवली. बाहेरच्या खोलीतल्या उशा नीट केल्या, परत आली, तर खुर्ची पुन्हा बाहेर. आणि व्हॅनिलाच्या वासाखालून दुसराच एक वास येत होता, शिवणयंत्राच्या तेलाचा आणि इस्त्री फिरवलेल्या लोकरीचा.

अकरा वाजता तिनं दार सताड उघडलं. माणसं येतील, माणसांत भीती वाटत नाही, असं तिनं स्वतःला समजावलं.

पहिलं जोडपं आलं, बायकोला सातवा महिना. दोघं एकमेकांच्या कानात बोलत, खुशीत घर बघत होती. स्वयंपाकघरात मात्र बराच वेळ रेंगाळली. बाहेर आली तेव्हा नवरा अवघडला होता.

"घर आवडलं हो. पण तुम्ही आधी घरात बोलून घ्या."

"घरात... कुणाशी?"

"आजींशी. त्यांना विकायचंच नाहीये. भाच्याचं डोकं फिरलंय म्हणतात."

"किती गोड आहेत पण," बायको म्हणाली. "मला लिंबाचा चहा करून देत होत्या, म्हणाल्या पोटुशीला मळमळ होते."

ती दोघं लिफ्टमध्ये शिरेपर्यंत नेवेना हसत उभी राहिली. मग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. आत कुणी नव्हतं. खुर्ची बाहेर ओढलेली. भाजी चिरायच्या फळीवर अर्धं कापलेलं लिंबू, शेजारी ओली सुरी.

नंतर निवृत्त मास्तर आणि त्यांची बहीण आली. मास्तर तर घर नीट न बघताच परत फिरले. "त्या बाई तिथं शिवत बसल्यात, आणि तुम्ही त्यांच्या डोक्यावर गिऱ्हाईकं आणता? जनाची नाही, मनाची तरी?" बहिणीनं नेवेनाकडे असं पाहिलं की तिनं मान खाली घातली. आणखी दोघं येऊन गेले. त्यांचंही तेच. आजी नको म्हणतात.

दर खेपेला नेवेना आत जाऊन बघायची, खुर्ची सरकवायची, दिसायचं कुणीच नाही. एका जागी तिला उभंच राहवेना. दिवाणखाना, न्हाणीघर, पुन्हा दिवाणखाना. तिची बोटं सारखी उशांची टोकं ओढत होती.

एक वाजता कामेलियाचा फोन आला. "काय, ठरलं?"

"अजून नाही. लोक म्हणतायत..."

"काय म्हणतायत लोक?"

"घर... घर रिकामं वाटत नाही म्हणतायत."

"मग तेच तर आपलं काम, ससेबाई. दोन वाजता मला गिऱ्हाईकाचं नाव हवंय, रडगाणं नको."

फोन ठेवून नेवेनानं पर्समधली घडी काढली. दारावर कागद लावला तर उरल्यासुरल्या तासात कुणी उंबरा ओलांडणार नाही. नाही लावला तर आत बसलेली बाई घर विकू देणार नाही. आणि आईनं तिकडं म्हातारी बघून ठेवलेली... कागद हातात धरून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. खुर्ची बाहेरच होती.

"वासिल्काकाकू," ती म्हणाली. "हे तुमचं आहे. सकाळपासून दारावर नव्हतं, माझ्यामुळे. म्हणून मीच वाचते."

आणि तिनं वाचलं. नाव, शिवणकाम, वय. गेल्याची तारीख वाचताना तिनं डोळे मिटून घेतले, कारण तेलाचा वास एकदम जवळ आला होता, कुणी समोर येऊन कागदात वाकून बघावं तसा. "तुम्ही गेलात, काकू," ती कुजबुजली. "सदतीस दिवस झाले. मला वाईट वाटतं..."

किती वेळ गेला कोण जाणे. वास विरत गेला. तिनं डोळे उघडले तेव्हा खुर्ची टेबलाखाली नीट सरकवलेली होती. आणि कापलेल्या लिंबावर कुणीतरी बशी पालथी घालून ठेवली होती, वाळू नये म्हणून.

नेवेना भिंतीला टेकून थोडंसं रडली. मग तोंड धुतलं, ओला टॉवेल बदलला.

पावणेदोनला शेवटचं गिऱ्हाईक आलं. बंदरावर क्रेन चालवणारा माणूस, पन्नाशीचा, दांडगा, घटस्फोटानंतर दोन वर्षं बहिणीकडे राहत असलेला. हे त्यानं न विचारताच सांगितलं. तो एकटाच सगळं घर फिरला. नेवेना उंबऱ्याशी नखं खात उभी होती.

"घेतो," तो परत येऊन म्हणाला. "घासाघीस करत नाही मी. सोमवारी बयाणा देतो."

नेवेनानं आत नजर टाकली. "स्वयंपाकघरात... तिथं कुणी आजी होत्या का?"

"आजी? नाही बुवा. तिथं कुणीच नव्हतं."

तिनं त्याच्यासमोरच कामेलियाला फोन लावला. "शाब्बास," कामेलिया म्हणाली. तीन महिन्यांत हा शब्द पहिल्यांदाच आला होता. "सोमवारी नऊला ये. आता दिवे मालव, दार लाव आणि किल्ली मला आणून दे."

तो माणूस लिफ्टपाशी उभा राहून हातमोजे चढवत होता. "एक करा पण," तो म्हणाला. "आतल्या लोकांना सांगा, घर गेलं म्हणून. बिचारे अजून खोल्या बघतायत."

"कोण लोक?"

"झोपायच्या खोलीत. सात-आठ जण असतील. अंगावर कोट तसेच, तेही नदीतून निघाल्यासारखे ओलेचिंब. तुमची नवी चादर खराब होईल. एकाला विचारलं मी, जाहिरात वाचून आलात का. नाही म्हणाला. दार उघडं होतं, वर कुणाचं नाव नव्हतं, म्हणून आलो. म्हणे, आमचा कागद कुठल्याच दारावर नाही." लिफ्ट आली. "सभ्य माणसं आहेत तशी. रांगेत उभी आहेत."

लिफ्टचं दार मिटलं. ती खाली जातानाचा आवाज नेवेना तळमजल्यापर्यंत ऐकत राहिली. कुठल्याशा चर्चमध्ये दोनचे ठोके पडले. हातात किल्ली होती, दिवे आत लागलेले होते.

झोपायच्या खोलीतून कुणीतरी हलकेच घसा खाकरला, भाव विचारण्याआधी गिऱ्हाईक खाकरतं तसा.