चिमणचा डावा खांदा

"चिमण! अरे देवा... हे काय करून बसलास रे!"

दार ढकलून आत पाऊल टाकताच आत्या ओरडली. तिचा चोवीस वर्षांचा भाचा खुर्चीत ताठ बसला होता आणि त्याच्या उजव्या दंडाला करकचून आवळलेल्या दोरीला तिच्याच शिलाईच्या दुकानातली सात किलोची लोखंडी इस्त्री लोंबत होती! हात काळानिळा, बोटं सुजून टम्म... आणि चेहरा मात्र विलक्षण शांत. भोवती जमिनीवर चौदा सदरे पडले होते, सगळ्यांचे खांदे उसवलेले.

"डावा काही केल्या वर येत नाही, आत्या," तो म्हणाला. "म्हटलं, उजवाच खाली आणावा. सकाळपासून बसलोय. आता बोटं कळत नाहीत, पण चालेल तेवढं."

कापडाशिवाय कशालाही न लागलेल्या कात्रीनं तिनं ती दोरी कापली. आणि तो उलट तिलाच विचारत होता, "थोडा तरी उतरला का गं?"

तासाभराचा उशीर झाला असता तर हात गेला असता, असं इस्पितळात सांगितलं. वहिनी गेली तेव्हा हे पोर तीन वर्षांचं होतं. भाऊ नोकरीपायी परगावी, म्हणून ठरलेलं लग्न मोडून तिनं त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. त्याच जिवानं हे करावं?

भाऊ धावतपळत आला तो तोफ डागतच. "तीन वर्षं आरशापुढं! चांगली नकाशे काढायची नोकरी सोडून घरात! नखरे नुसते! वेळीच दोन कानाखाली ओढल्या असत्या तर ही वेळ आली नसती. तूच लाडावून ठेवलंस त्याला!"

"नखरे नाहीत हे," मनोविकारांच्या डॉक्टरीणबाई मध्येच म्हणाल्या. "आजार आहे. बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर. नसलेलं व्यंग याला खरोखर दिसतं, दिवसाचे आठ-दहा तास दुसरं काही सुचत नाही. अशी माणसं जिवाचं बरंवाईटही करून घेतात. कानाखाली मारून न्यूमोनिया बरा होतो का हो?"

 जे फक्त आत्याला ठाऊक होतं, ते आता सांगायलाच हवं होतं.

"डॉक्टरीणबाई, खांदे सारखे आहेत त्याचे. टेपनं शंभरदा मोजलेत मी. 'नाही रे, सरळ आहे' असंच सांगायचे आधी. पण एकदा इतका रडला, इतका रडला, की म्हटलं, असेल बाबा थोडासा खाली, मी आतून पॅड घालते... एकाचे दोन झाले, दोनाचे सहा. तीस वर्षं मापं घेणारी बाई म्हणतेय म्हटल्यावर त्याला आणखी कुठला पुरावा हवा होता? मीच... मीच ढकललं हो त्याला!"

दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तशातली गत!  डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला. "आजार तुमच्यामुळं झालेला नाही. पण आता पॅड नाही आणि खांद्याबद्दल उत्तरही नाही. 'हो' नाही आणि 'नाही'सुद्धा नाही. जमेल?"

ते जमवणं म्हणजे अग्निदिव्यच होतं. घरी आल्याच्या चौथ्या दिवशी चिमणनं तिचे पाय धरले. "एकच सदरा पॅड घालून शीव, आत्या. शेवटचा!" ती मशीनवर मान खाली घालून बसून राहिली. मग तो किंचाळला, "सख्खी आई असतीस तर अशी वागली नसतीस!" एकवीस वर्षांची माया त्या एका वाक्यात मातीमोल झाली... तरी तिनं सुई उचलली नाही. आत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली, बस्स.

गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला डॉक्टरीणबाईंशी बोलणं, मग आरशाशिवाय पाच मिनिटं, दहा मिनिटं, कोपऱ्यापर्यंत जाऊन येणं. कधी चार दिवस बरे, तर पाचव्या दिवशी पुन्हा दार बंद. भाऊ बदली मागून घरी आला आणि तोंडातून चकार शब्द न काढता मुलाला स्वतः इस्पितळात नेऊ-आणू लागला. दुखणं येतं हत्तीच्या पावलानं आणि जातं मुंगीच्या पावलानं, ते काही खोटं नाही.

आठ महिन्यांनी एका सकाळी चिमण पुन्हा नकाशांच्या कामावर निघाला. अंगात साधा सदरा, आत काही न भरलेला. दाराशी थबकला. आत्याला वाटलं, आता विचारणार... आणि आपल्याला पुन्हा गप्प बसावं लागणार!

"अजून खालीच दिसतो मला," तो सावकाश म्हणाला. "पण जातो."

 तो वळला आणि तिच्या तोंडाकडे पाहतच राहिला. जवळ आला. तिच्या चष्म्याच्या मोडक्या काडीला गुंडाळलेल्या दोऱ्याला त्यानं हलकेच बोट लावलं.

"आत्या, ही काडी कधी मोडली गं?"

"झाली की... दोन वर्षं."

"दोन वर्षं?" तो पुटपुटला. "रोज खांदा दाखवायला तुझ्यासमोर उभा राहत होतो ना मी?"