न विचारता नेलेला चेहरा

महाडात तेजश्रीचा स्टुडिओ चालतो तो लग्नांवर आणि पासपोर्ट फोटोंवर. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नाही. भूत म्हणजे मागून उजेड आलेला माणूस, असं ती गिऱ्हाइकांना हसून सांगते. त्या दुपारी औद्योगिक वसाहतीच्या फाट्यावर तिने गाडी थांबवली ती निव्वळ संतापाने. समोरच्या होर्डिंगवर तिने काढलेला फोटो होता. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटातल्या वाडीतली रखमाआजी, दारात बसलेली, थेट कॅमेऱ्यात बघणारी. शेजारी सांधेदुखीच्या तेलाची बाटली. कोपऱ्यातलं तेजश्रीचं नाव छाटून टाकलेलं.

तो फोटो सहजासहजी मिळाला नव्हता. त्या वाडीत देवराईतली वाळकी काटकीसुद्धा देवीला विचारल्याशिवाय कुणी उचलत नाही. आजीने आपल्या चेहऱ्यासाठीही कौल लावला. देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवून तिने गाऱ्हाणं घातलं, की पोर हा फोटो प्रदर्शनात लावील, बाकी कुठं नाय. उजवी पाकळी पडली तेव्हाच ती दारात येऊन बसली. तेजश्रीने तसा शब्द दिला होता आणि तो पाळलाही होता. कंपनीने प्रदर्शनाच्या वेबसाइटवरून फोटो परस्पर उचलला.

तिने कंपनीला फोन लावला. जाहिरातीचं काम बघणारा साहिल म्हणाला, उलट तुमचीच प्रसिद्धी झाली, मॅडम. चोर तो चोर, वर शिरजोर. तेजश्रीने वकील गाठला, तक्रार दिली, आणि मग वाडीवर जाऊन आजीला सगळं सांगितलं. आपला शब्द दुसऱ्याने मोडला याची तिला लाज वाटत होती. आजी रागावली नाही. तिने पदर खोचला आणि मला दाखव म्हणाली.

दिवसपाळी सुटायच्या वेळी दोघी होर्डिंगखाली उभ्या राहिल्या. कामगारांच्या बसेस धूळ उडवत जात होत्या. आजी बराच वेळ वर बघत होती.

"ही हितं कुणाला इचारून बसलीय?"

"कुणालाच नाही, आजी."

"मंग फिर गो, रखमे," आजी चित्राला म्हणाली. "ह्यांना तोंड नको दावूस."

दुसऱ्या दिवशी चित्रातली नजर बाजूला सरकलेली वाटली. उन्हामुळे असेल, असं तेजश्रीने स्वतःला समजावलं. पण नंतर गाल आणि कानच दिसू लागले. तिने कॉम्प्युटरवर मूळ फोटो उघडला. त्यात आजी सरळ समोर बघत होती.

आठवडाभराने होर्डिंगवर आजीची पाठ होती. अंबाड्यात अबोलीची फुलं होती. तेजश्रीने तिचा पाठमोरा फोटो कधी काढलाच नव्हता. तरी उजेड तोच, डावीकडून आलेला, आणि दाराच्या चौकटीवरचा तडाही तोच.

तेजश्रीला भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

कंपनीने नवा फलक छापून आणला. तो चढवून माणसं शिडीवरून खाली उतरेपर्यंत आजी पुन्हा पाठमोरी झाली होती.

मग साहिल स्वतः स्टुडिओत आला. घामेजलेला, पण अजून ऐटीत. मागची तारीख घालून परवानगी द्या, म्हणाला. ही काय भानगड आहे ती आपोआप मिटेल.

"चेहरा आजींचा आहे," तेजश्री म्हणाली. "त्यांनी तो तुम्हाला दिलेला नाही. मीही देणार नाही."

"कंपनी मोठी आहे, मॅडम. कोर्टात दमाल."

"कोर्टात या. मी येते."

त्याने कागद तिच्यापुढे सरकवला. तिने तो परत सरकवला.

तो उचलायला साहिल वाकला, तसं त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र काउंटरवर टेकलं.

त्यावर कंपनीचा शिक्का होता. त्याचं नाव होतं, हुद्दा होता.

फोटोच्या चौकटीत शर्टाची कॉलर, मान आणि मागून नीट कापलेले केस होते.